रोटाव्हेटरचा क्रॉस घेताना



शिरूरचा घोडकाठ असो की दौंडचा भीमाकाठ, उसाचे रान मोडताना रोटाव्हेटरच्या शाफ्टचा क्रॉस तुटला की काम अडते. घाईत मिळेल तो क्रॉस बसवू नका. जुना क्रॉस दुकानात न्या. कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या कपांची बाहेरून बाहेर लांबी, दोन्ही मापे जुळवून घ्या. रोज ग्रीस भरा. बांधावर रोटाव्हेटर उचलण्याआधी शाफ्ट बंद करा; कोन वाढला की क्रॉसवर ताण येतो. मिनिटाला 540, म्हणजे सेकंदाला 9 फेरे घेणारा शाफ्ट धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर क्षणात ओढतो. म्हणून त्यावरचे आवरण काढू नका. क्रॉस पुन्हा विकत मिळेल, गेलेला हात मिळणार नाही.