रिकामी पुंगळी पुन्हा भरण्यापूर्वी

पिस्तुलातून गोळी सुटल्यावर बाहेर उडून पडणारी पितळी पुंगळी अमेरिकेतील अनेक हौशी नेमबाज टाकून देत नाहीत. नवे प्रायमर, मोजून घेतलेली दारू आणि नवी गोळी बसविली की तिचे पुन्हा काडतूस होते. स्वतःच्या वापरासाठी असे करण्यास तेथील संघराज्याचा परवाना लागत नाही. भारतात मात्र परवान्याशिवाय काडतुसे बनविणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे.

खर्चात बचत होते हे खरे. पण पुंगळी दगा देणार नाही ना, हे आधी पारखावे लागते. ९ मिलिमीटर काडतुसातील दाबाची अमेरिकी मानकातील कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ३५,००० पौंड आहे. मोटारीच्या टायरमधील दाबाच्या सुमारे हजारपट! पुंगळीचा बहुतेक भाग पोलादी चेंबरच्या भिंतींना टेकलेला असतो. बुडाजवळच्या काही मिलिमीटरांना मात्र तो आधार नसतो. तेथे दाब केवळ पितळच पेलते. म्हणून दोष किती मोठा यापेक्षा तो कोठे आहे, याला अधिक महत्त्व.

तोंडाजवळची चीर सर्वांत जास्त आढळते. प्रत्येक बारात पुंगळी फुगते आणि भरताना साच्यात दाबली जाते. या ताणाने पितळ कडक होत जाते व अखेर उभे चिरते. ही चीर चेंबरच्या आत राहत असल्याने बहुधा इजा करीत नाही. पण चिरलेले तोंड गोळीला घट्ट धरत नाही. गोळी आत सरकली तर दारूची जागा आक्रसते आणि दाब भलताच वाढतो. तेव्हा अशी पुंगळीही बादच. मूठभर पुंगळ्या हातात खुळखुळवल्या की चिरलेली बद्द वाजते. मडके वाजवून घेणाऱ्यांना ही परीक्षा नवी नाही.

बुडाजवळचा दोष खरा घातक. १९९० मध्ये आलेल्या .४० एस अँड डब्ल्यू या काडतुसाच्या पुंगळ्या सुरुवातीच्या ग्लॉक पिस्तुलांतून एका बाजूला फुगून बाहेर पडत, कारण त्या जागी चेंबरचा आधार अपुरा होता. असा फुगवटा साच्यातून दाबून सपाट करता येतो आणि पुंगळी नव्यासारखी दिसू लागते. ताणलेले पितळ मात्र पूर्वीसारखे होत नाही. फुगवट्याला ठळक कड, घडी वा चीर असेल तर ती पुंगळी बाजूलाच काढावी. नवे प्रायमर विनासायास आत सरकले, तर प्रायमरची खोबणी सैलावली आहे आणि बुडाने पूर्वीच अतिदाब सोसला आहे, असे समजावे. यावर दुसरा उपाय नाही.

काही दोष न झाडलेल्या पितळातही शिरतात. ब्रिटिश अमदानीत भारतातील लष्कराची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली असता आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातील अमोनिया, दमट हवा आणि पितळात घडणीच्या वेळी साठलेला ताण यांचा हा परिणाम असल्याचे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. या तडकण्याचे इंग्रजी नावही ऋतूवरूनच पडले. अमोनिया असलेले पितळेचे पॉलिश पुंगळ्यांना वर्ज्य मानले जाते ते यामुळेच. त्याऐवजी अक्रोडाच्या कवचाचा किंवा मक्याच्या बुरकुंडाचा भुगा यंत्रात घालून पुंगळ्या घासतात. पण चकाकी म्हणजे बळकटी नव्हे. स्वच्छ पुंगळीवरची चीर लवकर दिसते, इतकाच तिचा उपयोग. पितळावर गुलाबी डाग असतील तर तेथील जस्त निघून गेले आहे असे समजावे. आगीत सापडलेली पुंगळी कितीही धडधाकट दिसली तरी भरू नये. उष्णतेने तिचे बूड मऊ झालेले असते.

मैदानावर वेचलेल्या पुंगळ्या किती वेळा भरल्या गेल्या, हे त्यांच्याकडे पाहून कळत नाही. त्यामुळे जाणकार नेमबाज स्वतःच्या पुंगळ्या वेगळ्या डब्यांत ठेवून प्रत्येक भरणीची नोंद करतात. बाद पुंगळीचे तोंड ते पकडीने चेपून टाकतात, म्हणजे ती पुन्हा चांगल्यांत मिसळत नाही.