विषाचे भोक आणि छापलेली ऊती

स्टॅफिलोकॉकस ऑरिअस हा जिवाणू आपल्या नात्यातलाच म्हणायचा. गळवे, फोड, चिघळलेल्या जखमा ही बऱ्याचदा त्याचीच करणी. त्याचे एक हत्यार म्हणजे अल्फा-हिमोलायसिन हे प्रथिन. त्याचे सात रेणू पेशीच्या पडद्यावर गोळा होतात, कडे करतात आणि पडद्याला आरपार भोक पाडतात. बाहेरचे पाणी आत शिरते, पेशी फुटते. हेगन बेली या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने कारकिर्दीचा मोठा भाग या भोकावर खर्च केला.

ऑक्सफर्डमध्ये रसायनशास्त्र, हार्वर्डमध्ये पीएच.डी. आणि मग एमआयटीत हरगोविंद खोराना यांची प्रयोगशाळा, असा त्यांचा प्रवास. खोरानांना १९६८ चे नोबेल जनुकीय संकेतावरच्या कामासाठी मिळाले असले, तरी पुढे त्यांनी पडद्यातल्या प्रथिनांचा ध्यास घेतला होता. पुढे अमेरिकेत बरीच वर्षे शिकवून बेली २००३ मध्ये ऑक्सफर्डला परतले.

आपल्या मज्जापेशींतल्या आयन वाहिन्या म्हणजेही पडद्यातली भोकेच, पण त्या फार चोखंदळ असतात. सोडियमची वाहिनी पोटॅशियमला सहसा दाद देत नाही, आणि वेळ आल्याशिवाय उघडतही नाही. अल्फा-हिमोलायसिनचे तसे नाही. ते बहुतेक वेळ उघडेच. पण हा दांडगेपणाच बेलींच्या पथ्यावर पडला असे मला वाटते. आतून हवे तसे फेरफार केले तरी हे भोक टिकून राहते.

ते पाहायचे कसे? टेफ्लॉनच्या पातळ पत्र्याला बारीक छिद्र पाडतात आणि त्यावर दोन रेणू जाडीचा मेदाचा पडदा ताणतात. दोन्हीकडे मिठाचे पाणी, मध्ये शंभर मिलिव्होल्टचा फरक. पडदा अखंड आहे तोवर विद्युतप्रवाहाच्या आलेखावर जवळजवळ शून्य. मग एक भोक पडद्यात बसते आणि रेघ एका झटक्यात पायरी चढते, सुमारे शंभर पिकोअँपिअरची. कुठला रेणू भोकात अडकला की प्रवाह घटतो, सुटला की पूर्ववत होतो. किती घटला आणि किती वेळ, यावरून रेणू ओळखायचा. १९९९ मध्ये बेलींच्या गटाने भोकात सायक्लोडेक्स्ट्रिनची कडी बसवली, आणि औषधांचे लहान रेणूही त्यात पकडता येऊ लागले. भोकातून डीएनए ओवून वाचायची कल्पना डेव्हिड डीमर आणि इतरांची. पण या वाटेचे यंत्र व्हावे म्हणून बेलींनी २००५ मध्ये ऑक्सफर्ड नॅनोपोर कंपनी काढली. तिची काही वाचनयंत्रे आज मुठीत मावतात.

एवढ्यावर कुणीही समाधान मानले असते. बेली मात्र थेंबांकडे वळले. मेद विरघळवलेल्या तेलात पाण्याचा थेंब सोडला की त्याभोवती मेदाचा एक थर जमतो. असे दोन थेंब टेकले की मध्ये आपोआप पेशीसारखा दुहेरी पडदा तयार! २०१३ मध्ये गॅब्रिएल व्हिलार आणि अलेक्झांडर ग्रॅहम यांच्यासह त्यांनी छपाईयंत्राने असे हजारो थेंब एकावर एक रचले. थेंब साधारण पन्नास मायक्रॉनचा. एका रचनेत त्यांनी फुलासारखा सपाट आकार छापला. वरच्या आणि खालच्या थेंबांत क्षारांचे प्रमाण वेगळे ठेवले. पडद्यातून पाणी खारट बाजूकडे झिरपले, एका थरातले थेंब फुगले, दुसऱ्यातले आक्रसले, आणि मोदकाचे तोंड मिटावे तशा पाकळ्या वर येऊन पोकळ गोळा झाला. दुसऱ्या रचनेत ठरावीक थेंबांतच अल्फा-हिमोलायसिन घातले; वीज त्याच वाटेने धावली, शेजारी गेली नाही. पेशी फोडणारे विष इथे तारेचे काम करत होते.

माझ्या मते त्यांच्या कामाचा कळस हाच. यात जिवंत पेशी एकही नव्हती, तरी ऊतीचे दोन गुण उतरले होते: आकार बदलणे आणि संदेश वाहणे. ‘अवयव छापले’ अशा मथळ्यांच्या गर्दीत असे मूलभूत काम झाकले जाते, याची मला खंत वाटते.

जिवंत पेशी नंतर आल्या. २०२३ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने मानवी मूलपेशींपासून घडवलेल्या मज्जापेशींच्या पूर्वज पेशी थेंबांतून छापून मेंदूच्या बाह्यकाचे दोन थर उभे केले आणि ते उंदराच्या मेंदूच्या कापांत बसवले. छापलेल्या पेशींचे तंतू सीमा ओलांडून यजमान ऊतीत शिरले, दोन्हीकडच्या हालचालींचा मेळही दिसला. हे सारे घडले ते काचेच्या भांड्यातल्या कापात, धडधाकट प्राण्यात नव्हे. शिवाय आपल्या बाह्यकाचे थर सहा असतात. दुखापतीने गमावलेला मेंदूचा तुकडा रुग्णाच्याच पेशींतून छापून द्यायचा, हे या कामामागचे उद्दिष्ट आहे.