सोसायटीतले भाडेकरू : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्या-मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर एक कागद वर्षानुवर्षे चिकटलेला असतो : 'बॅचलर्सना फ्लॅट भाड्याने देऊ नये. हुकुमावरून.' खाली ना सही, ना ठरावाची तारीख. तरी नोकरीसाठी नांदेडहून किंवा पाटण्याहून आलेली मुलगी तो वाचून निमूट परत फिरते, कारण हा नियमच असणार असे सगळे धरून चालतात.

असा नियम नाही. सहकार खात्याने गृहनिर्माण संस्थांसाठी केलेल्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचे, सोबत लीव्ह अँड लायसन्स कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची, झाले. अविवाहितांना मनाई करणारे कलम त्यांत नाही. 'एनओसी दाखवा, मगच टेम्पो आत,' असे वॉचमनकडून वदवणाऱ्या कमिटीने आपले उपविधी एकदा उघडून वाचावेत.

'भाडेकरू आले की सुरक्षितता गेली' हा समज सर्वांत चिवट. प्रत्यक्षात करार नोंदवताना भाडेकरूचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा सरकारदप्तरी जातो, पोलिसांनाही माहिती जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999च्या कलम 55प्रमाणे करार नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे धाक दाखवायचाच तर कागदपत्रे टाळणाऱ्या सभासदाला दाखवावा.

पैशांबाबतही तसेच. 'फ्लॅट भाड्याने दिला, मेंटेनन्स दुप्पट!' 2001च्या शासन आदेशाप्रमाणे नॉन-ऑक्युपन्सी शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि पालिकेचे कर त्या हिशेबात धरायचे नाहीत. बिल साडेचार हजारांचे आणि त्यात सेवाशुल्क 1,800 असेल, तर कमाल 180 रुपये.

'भाडेकरू इथला मतदार कसा?' या प्रश्नाचे उत्तर मला फार मोलाचे वाटते. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950 सांगतो की केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. त्यामुळे कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देऊन स्वतः दुसऱ्या शहरात स्थायिक झालेल्या मालकापेक्षा त्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या भाडेकरूचा तिथल्या मतदार यादीवरचा दावा जास्त भक्कम आहे. सोसायटीच्या सभेत मात्र मत सभासदाचेच, हेही खरे.

'आज आहेत, उद्या नाहीत, कशाला ओळख वाढवायची?' हा विचार सगळ्यांनाच महागात पडतो. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी मदत बाहेरून पोचेपर्यंत जिन्यातली माणसेच हाताशी असतात. तळमजल्यावरच्या आजींना कोण वर नेणार, ऑक्सिजन लावलेला रुग्ण कोणत्या फ्लॅटमध्ये, रात्रपाळी करून आलेली नर्स कुठे झोपली आहे, हे आधी माहीत असावे लागते. अनेक सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र फक्त 'ओनर्स' असतात. पाणी बंद असल्याचा निरोपसुद्धा नागपूरला बसलेल्या मालकाला मिळतो आणि घरात राहणाऱ्याला नळ उघडल्यावर कळतो.

एक गैरसमज उलट बाजूचाही आहे : जात-धर्म पाहून घर नाकारले, तर कायदा सगळे निस्तरेल. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने पारशांपुरते सभासदत्व ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला. म्हणून दार उघडे ठेवायचे की नाही, हे बरेचसे त्या-त्या इमारतीतल्या माणसांच्याच हातात राहते. कमिटीला यासाठी फार काही करायचे नाही. तो बिनसहीचा कागद काढावा, ग्रुपवर भाडेकरूंचे नंबर घ्यावेत, आगीच्या सरावाला त्यांनाही बोलवावे आणि गणपतीच्या आरतीचे ताट त्यांच्याही हाती द्यावे. यातल्या एकाही गोष्टीला ठराव लागत नाही.