एकाच शोरूममधल्या पाच गाड्या

टाटांची इलेक्ट्रिक गाडी घ्यायची एवढं ठरलं, की पुण्याच्या बिबवेवाडीतल्या घरात खरा वाद सुरू होतो: त्यातली कोणती? जानेवारी 2020 मध्ये नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा फारसा पर्यायच नव्हता. आता टियागो, पंच, नेक्सॉन, कर्व्ह आणि हॅरियर एकाच छपराखाली उभ्या असतात, आणि एकीच्या वरच्या मॉडेलची किंमत दुसरीच्या खालच्या मॉडेलला भिडते.

तुलनेची सुरुवात बॅटरीपासून करावी. तिची क्षमता किलोवॅट-तासात छापतात, पण ते महावितरणच्या बिलावरचं आपलं ओळखीचं युनिटच. टियागोत साधारण 19 किंवा 24 युनिटं मावतात. जानेवारी 2024 मध्ये पंच ईव्ही आली ती 25 आणि 35 युनिटांची. नेक्सॉन 30 आणि 45, कर्व्ह 45 आणि 55, तर जून 2025 मध्ये आलेली हॅरियर 65 आणि 75. कंपनी हे आकडे अधूनमधून बदलते, त्यामुळे घेताना त्या दिवशीचं माहितीपत्रक हातात असावं.

आता बिबवेवाडीहून हिंजवडीची नोकरी धरू. जाऊन-येऊन सुमारे 50 किलोमीटर. शहरात एका युनिटवर सहा-सात किलोमीटर धरले, तर दिवसाला आठ युनिटं पुरतात. घरगुती 15 अँपिअरच्या प्लगमधून तासाला तीनेक युनिटं जातात. म्हणजे रात्री तीन तासांत काम झालं. यासाठी 75 युनिटांची बॅटरी कशाला? तीच हॅरियर रिकामी होऊन त्याच प्लगला लावली, तर भरायला दिवस उलटून जातो. मोठी बॅटरी घेणाऱ्याने भिंतीवरच्या 7.2 किलोवॅटच्या चार्जरचा आणि त्यासाठी लागणाऱ्या वीजभाराचा खर्चही त्याच कागदावर मांडावा.

रेंजच्या आकड्याला मात्र जपावं. ऑगस्ट 2024 मध्ये आलेल्या 55 युनिटांच्या कर्व्हची प्रमाणित रेंज 585 किलोमीटर सांगितली गेली. बहुतेक ग्राहकांना प्रत्यक्षात काय मिळेल, याचा कंपनीचाच अंदाज होता 400 ते 425. ही फसवणूक नव्हे. प्रमाणित चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर, ठरवून दिलेल्या संथ वेगात होते. तिथे ना कात्रजचा घाट, ना उन्हाळ्यातला एसी. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, तर पुण्यातच कोथरूडच्या टेकडीवर आहे. म्हणून तुलना करायची ती प्रत्यक्षातल्या अंदाजांची. 45 युनिटांची बॅटरी नेक्सॉनमध्येही आहे आणि कर्व्हमध्येही. कंपनीच्या अंदाजात नेक्सॉनच थोडी पुढे जाते. कर्व्हचे जास्तीचे पैसे जातात ते आकारासाठी आणि 500 लिटरच्या डिकीसाठी.

डिकीचाच विषय निघाला म्हणून: लहान दिसणाऱ्या पंच ईव्हीची डिकी 366 लिटरची, शिवाय बॉनेटखाली 14 लिटरची जागा. नेक्सॉन ईव्हीची 350. नुसत्या बाहेरून पाहून हे कुणाला पटत नाही. पंच हीच या कंपनीची पूर्णपणे इलेक्ट्रिक गाडीसाठी घडवलेल्या सांगाड्यावरची पहिली गाडी, त्याचा हा फायदा. भारत एनकॅपच्या धडक-चाचणीत पंच, नेक्सॉन, कर्व्ह आणि हॅरियर या चारही ईव्हींना पाच तारे आहेत.

महाराष्ट्राच्या 2025 च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ केला आहे. पण ती माफी पाचही गाड्यांना सारखीच, तेव्हा विक्रेत्याने ती एखाद्या मॉडेलचा गुण म्हणून सांगितली तर हसून सोडून द्यावी.

खरी अडचण पार्किंगची. बिबवेवाडीतल्या जुन्या सोसायट्यांत मीटर रूम एका टोकाला आणि आपली जागा दुसऱ्या टोकाला असते. तिथवर केबल ओढायची तर समितीची संमती लागते. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत बदल केले. त्यानुसार सोसायटीत राहणाऱ्यालाही गाडीसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. घरच्याच मीटरवर महिन्याला दोनशे युनिटं वाढली तर बिल वरच्या टप्प्यात जातं, म्हणून वेगळा मीटर विचारात घ्यावाच. आणि हे सगळं बुकिंगच्या आधी.

टेस्ट ड्राइव्ह मागताना गंगाधाम चौकाची फेरी पुरे मानू नका. घरची चार माणसं बसवा, एसी लावा आणि कात्रजचा जुना घाट चढून उतरा. चढताना किती टक्के गेले आणि उतरताना किती परत आले ते लिहून ठेवा. घरात दुसरी गाडी असेल आणि फिरणं शहरातच असेल, तर टियागो किंवा पंच पुरते. एकाच गाडीवर साताऱ्यालाही जायचं असेल तर 45 युनिटांची नेक्सॉन घ्यावी. पार्किंगमध्ये प्लग मिळत नसेल, तर पाचांपैकी एकही सध्या घेऊ नये.