परमुलखातील शाळा

आमची पेढी रविवार पेठेत, धान्याची. तेथे लोक भाव विचारावयास येतात, यात नवल नाही. परंतु गेल्या दोन वर्षांत पाच-सहा सभासद बंधू निराळ्याच चौकशीसाठी आमच्या गादीवर येऊन बसले. कोणाचा मुलगा जर्मनीस निघालेला, कोणाचे जावई तेथे नोकरीस लागलेले. प्रश्न सर्वांचा एकच : "मुलांच्या शाळेचे तेथे कसे काय होते?" प्रत्येकास तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावे, असे संपादक मंडळाने सुचविले, म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही १९७६ साली मॅट्रिक होऊन दुकानात बसलेले गृहस्थ. शिक्षणशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. जे घरात घडले व डोळ्यांनी पाहिले, तेवढेच सांगतो.

आमचे चिरंजीव यंत्र-अभियंते. उच्चशिक्षित परदेशीयांसाठी जर्मनीने २०१२ साली 'ब्लू कार्ड' नावाचा परवाना सुरू केला. त्या परवान्यावर ते २०२१ साली म्युनिक शहरी नोकरीस गेले. सोबत सूनबाई, आठ वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू. नात पुण्यास इंग्रजी शाळेत दुसरी उत्तीर्ण झालेली, वर्गात पहिल्या तिघांत. "हुशार पोर आहे, कोठेही तरेल," असे म्हणून आम्ही निश्चिंत झालो. आमची पहिली चूक ती हीच.

तिकडची व्यवस्था थोडक्यात सांगितली पाहिजे. जर्मनीत १६ राज्ये आहेत आणि शिक्षण हा प्रत्येक राज्याचा स्वतंत्र कारभार आहे. म्हणून म्युनिकचा नियम बर्लिनला लागू पडेलच असे नाही. म्युनिक हे बव्हेरिया राज्यात मोडते. सरकारी शाळेत फी नाही. मात्र शाळा सक्तीची आहे. मुलाला घरी बसवून शिकवीन म्हटले तर चालत नाही, आणि घरच्या लग्नकार्यासाठी परवानगीवाचून चार दिवस शाळा बुडविली तर आईबापांना दंड होऊ शकतो. धाकट्या भावाचे लग्न सुटीत धरावे म्हणून चिरंजिवांनी सहा महिने आधी दूरध्वनी केला, तेव्हा आमचे पुरोहित बराच वेळ पंचांग चाळीत बसले होते.

गुण देण्याची रीत आपल्या उलट. १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे अगदी नापास. नातीने प्रथम दूरध्वनीवर मोठ्या आनंदाने सांगितले, "आजोबा, मला गणितात दोन मिळाले!" आम्ही क्षणभर गप्पच. दहापैकी की शंभरापैकी, हे विचारण्याचेही धैर्य होईना. पोर खूप हसली.

आता मुख्य गोष्ट. तेथे प्राथमिक शाळा चार वर्षांची. चौथीच्या अखेरीस, म्हणजे मूल अवघे दहा वर्षांचे असताना, त्याची पुढील वाट ठरते. (बर्लिनमध्ये हाच निर्णय सहावीनंतर होतो.) बव्हेरियात वाटा तीन. 'गिम्नाझियुम' ही विद्यापीठाकडे नेणारी शाळा, 'रेआलशूल' ही मधली, दहावीपर्यंतची, आणि 'मिटेलशूल' ही मुख्यतः हातच्या कसबाकडे नेणारी. जर्मन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या गुणांची सरासरी काढतात. ती २.३३ पर्यंत असली तर गिम्नाझियुम, २.६६ पर्यंत असली तर रेआलशूल, त्याहून जास्त असली तर मिटेलशूल. मे महिन्याच्या आरंभी तसा दाखला हाती येतो. दाखला मनासारखा नसेल तर तीन दिवसांच्या परीक्षणवर्गास बसविता येते.

आमच्या नातीस पहिल्या दिवशी जर्मनचा एक शब्द येत नव्हता. तिसरी आणि चौथी ही दोनच वर्षे तिच्या हाती होती. १० वर्षांच्या मुलीने परभाषेत निबंध लिहावयाचा, शुद्धलेखन सांभाळावयाचे आणि जन्मापासून ती भाषा बोलणाऱ्यांच्या पंक्तीस बसावयाचे! २०२३ च्या जानेवारीत चौथीचा मधला अहवाल आला : जर्मनमध्ये ४, गणितात २, परिसर अभ्यासात ३. सरासरी ३.००. वर्गशिक्षिका बाईंनी सौम्यपणे सांगितले की मिटेलशूल योग्य होईल. सूनबाई रात्रभर रडल्या. चिरंजीव म्हणू लागले, सर्व सोडून परत येतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही उभयता तेथे पोहोचलो. व्हिसा ९० दिवसांचा. घरात शोककळा पसरलेली. आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. मुलीचे जर्मन सुधारावे म्हणून आईबाप तिच्याशी घरातही मोडक्यातोडक्या जर्मनमध्येच बोलू लागले होते. ती सौभाग्यवतींशी मराठी बोलताना अडखळू लागली होती. ना धड ती भाषा, ना धड ही.

त्या वस्तीत एका तुर्की गृहस्थांचे वाण्याचे दुकान होते. हरभरे, मसूर, गव्हाचा दलिया पोत्यांत उघडा मांडलेला. धान्य दिसल्यावर आमचे पाय आपोआप तिकडे वळू लागले. आम्ही मूठभर मसूर तळहातावर घेऊन पाहू लागताच ते ओळखून हसले; हा माणूस गिऱ्हाईक नव्हे, धंद्यातला आहे! नात दुभाषी झाली. वय साधारण आमचेच. बोलता बोलता शाळेचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी आपली हकीकत सांगितली. जर्मनीने १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी मजूर आणविले. त्यांत त्यांचे वडील होते. मुलगा गणितात चांगला, पण भाषा कच्ची. शाळेने एक कागद पुढे केला, वडिलांना वाचता येत नव्हता, त्यांनी सही केली. मुलगा सर्वांत खालच्या शाळेत गेला. "दुकान चांगले चालते," ते म्हणाले, "पण त्या कागदावर काय लिहिले होते, हे मला आजही ठाऊक नाही." हे वाक्य जर्मनमधून मराठीत करताना आमची नात मध्येच थांबली.

मग ते म्हणाले, "तुमचा मुलगा शिकलेला आहे. त्याला सांगा, रडण्याआधी नियम वाच."

आम्ही घरी आलो आणि चिरंजिवांस तेच सांगितले. आडतीचा वांधा पडला तर आपण आधी करारचिठ्ठी काढून पाहतो. येथे तर पोटच्या पोरीचा सौदा! प्रत्येक शाळेसाठी एक सल्लागार शिक्षक नेमलेला असतो, हेही चिरंजिवांस ठाऊक नव्हते. त्यांची वेळ मागून घेतली. त्यांनी नियमावली उघडून दाखविले : ज्या मुलांची मातृभाषा जर्मन नाही आणि ज्यांनी पहिलीपासून जर्मन शाळेत शिक्षण घेतलेले नाही, त्यांच्या बाबतीत सरासरी ३.३३ पर्यंत असली तरी वरच्या शाळेची पात्रता देता येते. मात्र उणेपणा भाषेच्या कच्चेपणामुळे आहे आणि तो भरून निघण्याजोगा आहे, असे शिक्षकांचे मत पडले पाहिजे. आमची नात तिसरीत दाखल झालेली, सरासरी ३.००. नियम तिच्यासाठीच लिहिल्यासारखा होता. बाईंनी तो लपविला नव्हता. आम्ही कोणी विचारलाच नव्हता.

हंगामाच्या आरंभी ओला माल येतो, तेव्हा कच्चा व्यापारी त्यास हलका माल म्हणून परत लावतो. जाणता व्यापारी दाणा दाताखाली धरतो आणि म्हणतो, ओल आहे, वाळेल. दाणा चांगला आहे. बाईंनीही तसेच केले, असे आम्ही कृतज्ञतेने म्हणतो. त्यांनी नातीस स्वतंत्र बसवून गणिताचे तोंडी प्रश्न विचारले, तिच्या वह्या पुन्हा पाहिल्या. आणि आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली : घरी तिच्याशी तुमच्याच भाषेत बोला, भरपूर बोला, गोष्टी सांगा, जिची एक भाषा पक्की असते तिला दुसरी लवकर येते. त्या दिवसापासून घरात पुनः मराठी सुरू झाली.

मे महिन्यातील दाखल्यात रेआलशूलची पात्रता लिहून आली. चिरंजिवांच्या मनात गिम्नाझियुमसाठी परीक्षणवर्गास बसवावे असे होते. सल्लागारांनी नकाशा काढून दाखविला, की रेआलशूलच्या दहावीनंतर 'फाखओबरशूल' नावाच्या शाळेतून पुढे उच्च शिक्षणास जाता येते; वाट लांबची आहे, बंद नाही. घरात दोन दिवस खल झाला. अखेर आम्ही म्हणालो, जिला जावयाचे आहे तिला कोणी विचारले काय? नातीला विचारले. ती म्हणाली, "जिथं मला सगळं समजेल, तिथं जायचंय." विषय संपला.

हे वाक्य ऐकून आम्हांस १९७६ सालचा जून आठवला. आमचे मुख्याध्यापक स्वतः दुकानी आले होते. मुलाला विज्ञान शाखेत घाला म्हणून वडिलांस विनवीत होते. वडील एवढेच म्हणाले, "गुरुजी, दुकान कोण पाहणार?" ते बोलणे गैर नव्हते; घरात खाणारी तोंडे नऊ होती. परंतु त्यांनी आम्हांस काही विचारले नाही, आणि आपणही काही विचारावयाचे असते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. नातीच्या वेळी विचारण्याचे सुचले, ते त्या दिवसामुळेच.

धाकट्या नातवाने त्याच सप्टेंबरात पहिलीत प्रवेश केला. पहिल्या दिवशी मुलाच्या उंचीचा रंगीत कागदी शंकू खाऊने भरून हाती देण्याची तेथे गोड प्रथा आहे. मात्र जिलेटिनच्या, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्यांतून काढलेल्या पदार्थाच्या गोळ्या त्यात सर्रास असतात. सूनबाईंनी प्रत्येक पाकीट वाचून खाऊ भरला. सहलीस जाताना मांस, मासे व अंडी वर्ज्य असल्याची चिठ्ठी देतात. शाळा ती पाळते. धर्माच्या तासास ख्रिस्ती मुले आपापल्या पंथाच्या वर्गात जातात, इतर मुले नीतिशास्त्राच्या. आमची नात तेथे अहिंसेवर बोलली, तेव्हा बाईंनी तिला सांगितले की आपली आचारांग व कल्पसूत्र ही सूत्रे १८८४ साली इंग्रजीत आणणारे हर्मान याकोबी हे जर्मनच होते. कोलोन शहरी जन्मलेला माणूस आपली अर्धमागधी शिकू शकतो, तर बेळगावच्या मुलीस त्यांची भाषा का येऊ नये?

आणि बेळगावकरांस हे दुःख नवे थोडेच आहे? १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपली मुले घरी एक भाषा, कचेरीत दुसरी आणि शाळेत तिसरी असा संसार करीतच आली आहेत. आमच्या पेठेत हमाल कानडीत हाक मारतो, आम्ही मराठीत उत्तर देतो आणि हुंडी इंग्रजीत लिहितो. परमुलखात गेलेल्या मुलांनी एवढी शिदोरी सोबत न्यावी.

जाणाऱ्या कुटुंबांस चार गोष्टी सांगून पुरे करतो. पहिली, मुलांचे जन्मदाखले व शाळा सोडल्याचे दाखले येथेच गोळा करावेत, आणि त्यांचे अधिकृत भाषांतर लागेल हे ध्यानात ठेवावे. दुसरी, ज्या राज्यात राहावयाचे त्याचे शाळेचे नियम पहिल्याच वर्षी वाचावेत. चौथी उजाडण्याची वाट पाहू नये. तिसरी, शक्य असेल तर मूल पहिलीच्या वयाचे असतानाच न्यावे; दोन वर्षांचा फरक फार मोठा पडतो. चौथी, घरची भाषा सोडू नये.

एक विनंती संघासही आहे. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. खेड्यातून शहरी शिकावयास येणाऱ्या मुलांसाठी आपल्या पूर्वजांनी वसतिगृहे काढली. कोल्हापूरच्या अशाच जैन वसतिगृहात राहिलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था उभारली. त्या काळी खेड्यातील मुलाला कोल्हापूर हाही परमुलूखच होता. आज परमुलूख म्युनिक झाला आहे. तेथे वसतिगृह बांधणे नको. परंतु कोणत्या सभासदाचे कुटुंब कोणत्या शहरी आहे आणि त्यांनी शाळेचे काय केले, याची एक वही संघाच्या कचेरीत ठेवावी. विचारणाऱ्यास ती खुली असावी.

२०२५ च्या सप्टेंबरात नात सातवीत गेली. जर्मनमध्ये आता तिला २ मिळतात. दर रविवारी ती आजीला मराठीत पत्र लिहून त्याचे छायाचित्र पाठविते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतात. सौभाग्यवती त्या तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठवितात. त्या तुर्की गृहस्थांस आम्ही गेल्या पर्युषणात क्षमापनेचे पत्र धाडले. नातीने ते जर्मनमध्ये लिहिले, सही आमची. या वेळी कागदावर काय लिहिले आहे, ते तिने आम्हांस आधी वाचून दाखविले होते.