फाउंटन पेन घडवायचं तर हत्यारं कोणती?

राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेन घडवलं आणि १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून पत्र लिहून त्यांना दाद दिली. भारतात हातानं घडणारी बरीच पेनं आजही एबोनाइटची असतात. रबरात भरपूर गंधक मिसळून तापवलं की हा कडक, चकाकणारा पदार्थ तयार होतो.

सुरुवातीला एबोनाइटचा गोल रॉड, छोटा लेथ आणि धारदार ड्रिल बिटं लागतात. भोक पाडताना बिट वारंवार बाहेर काढून भुगा झाडावा, नाहीतर माल तापून माप बिघडतं. भुगा नाकात जाऊ नये म्हणून मास्क हवाच.

खरी गंमत आहे आटे पाडणाऱ्या टॅप आणि डायमध्ये! टोपणाच्या आट्यांसाठी अनेक हौशी कारागीर १३ मिमी व्यासाचा, ०.८ मिमी पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) ट्रिपल-स्टार्ट संच घेतात. यात तीन आटे शेजारी-शेजारी धावतात. एका फेऱ्यात टोपण २.४ मिमी सरकतं आणि झटकन उघडतं. एकेरी आट्याला तिप्पट फेरे लागतात. साध्या हार्डवेअरच्या दुकानात हा संच सहसा मिळत नाही, मागवावा लागतो. खर्च इथेच करावा.

निब मात्र विकतच घ्यावी. जोवो आणि बॉक या जर्मन कंपन्यांची निब-युनिटं जगभरचे पेनकार वापरतात. दोन्हींचे आटे वेगळे, म्हणून आधी कंपनी ठरवावी, मग निब-युनिटसाठीचा टॅप घ्यावा.

घासायला वॉटर पेपर, नंतर पॉलिश. थेट पेनाच्या नळीतच शाई भरायची असेल तर शाई ओढणारा कन्व्हर्टर नको, पण गळती टाळायला नळीच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावावंच.