गुरुजींच्या मदतीला कोण?

दुर्गम पाड्यावरच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणजे बहुतेक वेळा वर्ग शिकवणारे गुरुजीच! शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पाचवीपर्यंतच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक हवा, पण पट १५० च्या वर असेल तरच. छोट्या पाड्यावर एवढी मुलं कुठून येणार? मग दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळत पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती आणि ऊसतोडीला निघालेल्या घरातली मुलं थांबवणं, सगळं एकाच माणसावर येतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुख्याध्यापकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सुचवतं. पण गुरुजी प्रशिक्षणाला गेले, तर वर्ग कोण घेणार? म्हणूनच केंद्रप्रमुखांनी शाळेत येऊन, सोबत बसून केलेली मदत जास्त उपयोगी पडते.

आणि पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य तुम्हीच असता. पुढच्या बैठकीत गुरुजींना एवढंच विचारा, "कुठलं काम आम्ही वाटून घेऊ?"